पाठराखीण

हे घडलं ते दोन हजार बेचाळीस साली, श्रावणात. साल मी मुद्दाम आधी सांगते, कारण आजची मुलं 'तुमच्या वेळी' म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात. गोळ्यांचा काळ वेगळा, गोळ्या हरल्या तो काळ वेगळा आणि पाठराखणींचा काळ आणखी वेगळा. मी तिन्ही पाहिले.

गोळ्यांच्या काळात मी लहान होते. आमच्या आरगला मिरजेहून डॉक्टर यायचे. लाल औषधाच्या बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली असायची, एका खाचेपर्यंत सकाळी, पुढच्या खाचेपर्यंत संध्याकाळी. ताप फारच चढला तर डॉक्टर उकळत्या पाण्यातून सुई काढत, आई आमचं तोंड भिंतीकडे वळवायची, आणि दोन दिवसांत आम्ही परत चिंचेखाली. पुढे तर डॉक्टरचीही गरज उरली नाही. घसा धरला की औषधाच्या दुकानात जाऊन चार कॅप्सूल मागायच्या, दोन खायच्या, बरं वाटलं की उरलेल्या दोन कपाटात. एवढी सुबत्ता होती. तिला सुबत्ता म्हणतात हे तेव्हा कळलं नाही.

मी तीस वर्षं मिरजेच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. जीवाणू मरतो कसा, हे मी फळ्यावर काढून दाखवायचे. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं त्याच्या भिंतीवर घाला घालतात. वाढताना जीवाणू आपली भिंत उसवतो आणि पुन्हा बांधतो. औषध बांधकाम थांबवतं, उसवणं चालूच राहतं आणि आतल्या दाबाने जीवाणू फुटतो. दुसऱ्या काही औषधांनी त्याचा प्रथिनांचा कारखाना बंद पडतो. त्यात तो मरत नाही, नुसता खोळंबतो. खोळंबलेल्याला गाठून संपवतात त्या आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांतल्या सगळ्यांत पुढे धावणाऱ्या पेशींचं नाव न्यूट्रोफिल. त्या जीवाणूला गिळतात आणि त्याच्यावर जे रसायन ओततात ते फरशी धुवायच्या ब्लीचच्या जातीचं असतं. गिळता आलं नाही तर स्वतः फुटतात आणि आपल्याच आतल्या धाग्यांचं जाळं त्याच्यावर फेकतात. जखमेतला पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. मुली नाक मुरडायच्या. मी म्हणायचे, "अगं, तुमच्यासाठी मेल्यात त्या!"

माझी निवृत्ती जवळ येईपर्यंत जीवाणूंनी भिंतीही बदलल्या होत्या आणि कुलपंही. भिंत फोडणारी औषधं निकामी झाली. जी दोन-तीन उरली ती सगळी नुसती खोळंबा करणारी. म्हणजे मारायचं काम सगळं पेशींवर आलं, आणि आजारी माणसाच्या पेशी आधीच थकलेल्या.

त्यावर तोड निघाली ती छत्तिसाच्या आसपास. शास्त्रज्ञांना कळलं की अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला तो मऊ गर जिथे रक्त तयार होतं, ती शिकू शकते. रोग्याच्या अंगातला जीवाणू घ्यायचा, मारायचा आणि त्याची लस रक्ताच्या नात्यातल्या धडधाकट माणसाला टोचायची. आठवडाभरात त्या माणसाची अस्थिमज्जा त्या शत्रूवर तुटून पडणाऱ्या पेशी घडवते. मग यंत्राने त्या रक्तातून वेगळ्या काढायच्या आणि रोग्याला द्यायच्या. न्यूट्रोफिल जेमतेम एक दिवस जगतो, साठवता येत नाही, म्हणून देणारा माणूस शेजारीच राहायला हवा. औषधाने खोळंबा करायचा, उसन्या पेशींनी मारायचं. जगात लाखो लोक असे वाचले. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

अट एवढीच होती की एकदा शिकलेली अस्थिमज्जा सात वर्षं दुसरं काही शिकत नाही. मध्ये पुन्हा लस टोचली तर देणाराच जिवाला मुकतो. आणि वय पंचावन्नच्या आत हवं.

या देणाऱ्या माणसाला सरकारी कागदावर लांबलचक नाव होतं. आमच्याकडे कुणा नर्सने 'पाठराखीण' म्हटलं आणि तेच रुळलं. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत जाते ती पाठराखीण. शब्द बाईमाणसाचा निघाला आणि कामही बाईमाणसाचंच झालं. कायद्याने पुरुषही चालत होते. पण पुरुषांना कामावर जायचं असतं.

मग काय काय बदललं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. प्रत्येकाच्या आरोग्यपत्रिकेवर त्याच्या पाठराखणीचं नाव लागू लागलं. मुलगी बघायला आलेले लोक आडून विचारू लागले, "अस्थिमज्जा मोकळी आहे ना?" सून तिच्या सासू-सासऱ्यांच्या उपयोगाची नसे, रक्ताचं नातं नाही म्हणून. पण ती नातवंडांच्या उपयोगाची होती. त्यामुळे सासरचे तिला माहेरच्यांपासून जपू लागले, सोनं जपावं तसं. बाप आजारी पडला म्हणून माहेरी निघालेल्या मुलींना बस स्टँडवरून परत आणलेलं मला माहीत आहे.

आम्ही तिघं भावंडं. मी मोठी, सुलोचना, सगळ्यांची आक्का. मग भरतेश, आणि सगळ्यांत धाकटी अनंतमती, आमची अनू, भरतेशला अण्णा म्हणणारी. मी लग्न केलं नाही. भरतेशची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. अनू जयसिंगपूरला दिलेली. नवरा सुकुमार, त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान, आणि एकुलता एक मुलगा श्रेणिक, तेव्हा वीस वर्षांचा.

भरतेशची आरगला द्राक्षबाग होती, चांगली नावाजलेली. त्या श्रावणात छाटणीच्या तयारीत मांडवाची एक तार सुटली आणि त्याची पोटरी कापून गेली. त्याने हळद दाबली, फडकं बांधलं आणि कामाला लागला. चौथ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत तांबडा झाला तेव्हा गड्याने मला फोन केला.

मिरजेच्या रुग्णालयात डॉक्टर केतकी इनामदार म्हणून एक हुशार पोरगी होती, तिशीतली. तिने जीवाणू तपासला आणि बाहेर येऊन विचारलं, "बागेत जीवाणूंवरची पावडर फवारत होता का हे?"

"सगळेच फवारायचे," मी म्हटलं. "करप्याच्या रोगावर. वीस-पंचवीस वर्षं."

"तिथंच शिकलाय हा," ती म्हणाली. "आपल्याकडचं कुठलंच औषध याला मारत नाही. एक आहे, ते दहा-बारा दिवस रोखून धरेल. तेवढ्यात पाठराखीण लागेल. मुलं?"

"नाहीत."

"भाऊ-बहिणी?"

माझं वय साठ. उरली अनू. तिची जुळणी सरकारी नोंदीत आधीपासून होती, केतकीने तिथल्या तिथे पाहिली. छान जुळत होती. फक्त अनूचं नाव श्रेणिकच्या पत्रिकेवर लागलेलं होतं, सुकुमारचं वय पंचावन्नच्या पुढे गेलेलं म्हणून. पोराची एक किडनी जन्मापासून अधू. वर्षाआड तिथे जंतू धरायचा, अजून औषधावर भागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जयसिंगपूरला गेले. सुकुमारने दार उघडलं आणि माझ्या चपला काढून होण्याआधीच म्हणाला, "आक्का, बसा, चहा घ्या. पण ज्यासाठी आलाय ते बोलू नका."

"मग मी चहा प्यायला आले म्हणायचं?"

"मेहुण्यांना बघायला मी काल येऊन गेलो. माझा जीव तुटत नाही का? पण उद्या श्रेणिकला काही झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ, तुम्हीच सांगा. तुमच्या?"

"तिला भाऊ एकच आहे, सुकुमार."

"मुलगा पण एकच आहे."

अनू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पाणी गाळायचं फडकं. आमच्या जैन घरातली आईची सवय तिने जशीच्या तशी उचलली होती, पाणी गाळून, उकळून, जेवण सूर्य मावळायच्या आत, कांदा-बटाटा घरात नाही. मी विज्ञान शिकले आणि त्यातलं निम्मं सोडलं. तिने काही सोडलं नाही.

"आक्का, अण्णा काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"काही म्हणत नाही. तुला सांगू नको म्हणाला."

तेवढ्यात श्रेणिक जिन्यावरून उतरला. "बाबा, मी आज आजारी आहे का? आज मामा आहे. आई, तू जा."

"तू गप रे," सुकुमार म्हणाला. "विशीत सगळेच शूर असतात."

"मग काय, दर वेळी तिनं माझी वाट बघत बसायचं? मी पडेन म्हणून?"

सुकुमारने मान खाली घातली. मग अनूकडे न बघता बोलला, "जायचं तर जा. पण श्रेणिकच्या पत्रिकेवरचं नाव काढून जा. आणि परत येताना विचारून ये." तो वाईट माणूस नव्हता, हे मला आज लिहावंसं वाटतं. घाबरलेला बाप होता.

अनूने पिशवीत दोन लुगडी टाकली आणि माझ्याबरोबर निघाली. गाडीत ती एकच वाक्य बोलली, "आक्का, मी चुकत नाही ना?" मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणेन.

टोचायच्या दिवशी केतकीने आम्हां तिघांना एकत्र बसवून समजावलं. भरतेश पलंगावर उशीला टेकून, ताप असूनही तोंड चालू. केतकी अनूला म्हणाली, "मावशी, तुमच्या एका पिशवीत हजारो कोटी पेशी असतील. एकेक पेशी दहा-वीस जीवाणू सहज संपवते. दोनतीन पिशव्यांत काम होईल."

भरतेश हसला. "ऐकलंस का अनू? चिलट वाचवायला दिवा विझवणारी तू, आता लाखो कोटी जीव मारणार. हे सगळं पाप तुझ्या खात्यावर हां. माझ्या नको. मी आपला आजारी माणूस."

"गप रे अण्णा," अनू म्हणाली. हसली पण.

"गप काय? पुढच्या जन्मी तू माझ्या पोटरीतला जंतू होऊन येशील."

केतकीही हसली. आम्ही सगळेच हसलो. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

केतकीने मग अनूला प्रश्न विचारले. मधुमेह? नाही. तंबाखू, मिस्री? नाही. दारू? अनूने पदर तोंडाला लावला. कुठली औषधं चालू? नाही. रक्त तपासलं, उत्तम निघालं. "जड, तळलेलं खाऊ नका, बाकी आराम करा," केतकी म्हणाली आणि लस टोचली.

पाठराखणींसाठी वेगळं दालन होतं. आत बाहेरच्या कुणाला सोडत नसत, जंतू जाऊ नये म्हणून. काचेतून बघायचं आणि भिंतीवरच्या फोनवर बोलायचं. मध्ये रक्तही काढत नसत, थेंबसुद्धा वाया जायला नको म्हणून. मी दिवसभर भरतेशजवळ असे आणि सकाळ-संध्याकाळ काचेशी जाऊन अनूला हाक मारी. ती बहुतेक वेळा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसलेली असायची. मला वाटायचं जप करते आहे. विचारलं तर म्हणायची, "बरी आहे गं. अण्णाला ताप किती?"

तिच्या शेजारच्या पलंगावर बिल्कीस मुलाणी होती, मिरजेचीच, मटण मार्केटच्या मागे राहणारी. तिची शाळेत जाणारी मुलगी नगमा भरतेशच्या मजल्यावरच होती, मांडीच्या हाडात जंतू धरलेला. बिल्कीस तिची पाठराखीण. तिचा नवरा आखातात, घरून डबा आणणारं कुणी नाही, रुग्णालयाचं ताट तिला पुरायचं नाही, असं तीच काचेपलीकडून मोठ्याने सांगायची. दोघींचं चांगलं जमलं होतं. मला बरं वाटायचं, अनूला सोबत आहे म्हणून.

पेशी काढायच्या दिवशी सकाळी यंत्र लावलं. रक्त एका नळीतून बाहेर जातं, फिरतं, पेशी पिशवीत उतरतात, उरलेलं रक्त परत अंगात. बिल्कीसची पिशवी तासाभरात दुधट झाली. अनूची तशीच राहिली, चहाच्या धुवणासारखी पातळ.

केतकीने यंत्र थांबवलं, पुन्हा लावलं. तंत्रज्ञाला बोलावलं. रक्ताची तपासणी पुन्हा केली आणि कागद बघून माझ्याकडे आली. तिचा चेहरा विद्यार्थिनीसारखा झाला होता, उत्तर पाठ असून गणित चुकलेल्या.

"आठ दिवसांपूर्वी सगळं ठीक होतं," ती म्हणाली. "आज पेशी निम्म्याहूनही कमी. अस्थिमज्जा शिकलीय, त्याची खूण दिसते. पण पेशी रक्तात आलेल्याच नाहीत. आणि रक्तात उपासमारीची लक्षणं आहेत. जेवत नव्हत्या का?"

"ताट तर रोज जात होतं."

बिल्कीस तेव्हा यंत्रावरून उठून, तोंडाला पट्टी बांधून नगमाकडे चालली होती. आमचं बोलणं तिच्या कानावर पडलं. ती थांबली आणि कौतुकाने म्हणाली, "लई गुणाची हाय तुमची बहीण, बाई. रोज आपलं ताट मला द्यायची. मी म्हणायची, अवो तुम्ही खावा की. तर म्हणायची, तुमच्या पोरीसाठी खा, मला जात नाही. आज माझी पिशवी बघितली न्हवं? भरगच्च! तिच्याच अन्नाची हाय ती."

ती पुढे गेली.

उपाशी शरीर काटकसर करतं. अन्न येत नाही म्हटल्यावर ते पांढऱ्या पेशींना रक्तात सोडत नाही, हाडांतच थोपवून धरतं. हे मी नंतर वाचलं. केतकीला माहीत होतं, पण ते पुस्तकातल्या उंदरांविषयी.

मला गाऊन घालून आत सोडलं. अनू पलंगावर बसली होती. जवळून पाहिलं तेव्हा दिसलं, गालांची हाडं वर आली होती.

"अनू, ताट का देत होतीस?"

"उपास होता."

"कसला उपास? पर्युषण पर्व तर अजून पुढे आहे."

"मीच घेतलेला. सूर्य असेतो उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. पर्वात मी दहा-दहा करते आक्का, हे आठच होते. मला काही झालं नाही बघ."

"पण का?"

ती माझ्याकडे अशी बघू लागली, जशी मीच काहीतरी विसरले आहे. "अण्णा म्हणाला की. डॉक्टरीणबाईंनी पण आकडा सांगितला. लाखो कोटी जीव. मी कधी नाही म्हणाले का? मारणार होतेच. भावासाठी मारणारच होते. पण इतके जीव माझ्या अंगातून मरणार, त्याचं थोडं तरी आधी फेडून ठेवायला नको? आणि उपास सांगितला की त्याचं फळ जातं, म्हणून बोलले नाही."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि आईला हाक मारून रडावंसं वाटलं. यातलं काहीच न करता मी म्हटलं, "अनू, पेशी आल्या नाहीत."

"म्हणजे?"

"उपासामुळे. हाडांतच राहिल्या."

मग तिने विचारलं, "आता जेवले तर येतील?"

आम्ही तिला खायला घातलं. शिरा, दूध, वरणभात, केळी, जे मिळेल ते. इतक्या दिवसांच्या उपाशी पोटी एकदम खाणंही धोक्याचं, म्हणून केतकी शेजारी बसून घास मोजून देत होती. अनूला उलटी होई, ती तोंड धुई आणि पुन्हा हात पुढे करी. संध्याकाळी दिवे लागले. बाहेर सूर्य गेलेला. मी ताट घेऊन काचेजवळ थांबले, मला वाटलं आता ती नाही म्हणेल. अनूने खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहिलं आणि घास तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदा ती दिवे लागल्यावर जेवत होती.

दोन दिवसांनी रक्तात पेशी वाढल्या. पण शिकलेली पहिली लाट हाडांतच म्हातारी होऊन विरून गेली होती. नव्या पेशींत निम्मीही धार नव्हती. तरी केतकीने दोन पिशव्या काढल्या आणि भरतेशला दिल्या. एक दिवस ताप उतरला. आम्ही तिघींनी तो आकडा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी रोखणाऱ्या औषधालाही जीवाणू दाद देईना. त्याने तेही कुलूप बदललं होतं.

भरतेशला मी खरं सांगितलं.

"माझ्या चेष्टेवर उपाशी राहिली?"

"हो."

"येडी पोर," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "तिला सांगू नको मला कळलंय म्हणून. विचारलं तर सांग, अण्णाला वाटतं औषधच कमी पडलं."

अनू आली तेव्हा तो तिच्याशी बागेविषयीच बोलला. यंदा छाटणी उशिरा करायला सांग गड्याला, असं म्हणाला. पहाटे तो गेला. त्याच सकाळी वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला नगमा वॉकर धरून पहिली चार पावलं चालली. बिल्कीस टाळ्या वाजवत होती. आम्हांला बघितल्यावर तिने टाळ्या थांबवल्या, धावत आली आणि अनूला मिठी मारून आमच्यापेक्षाही मोठ्याने रडली. "तुम्ही माझ्या पोरीला जेवू घातलंत, आणि तुमच्यावरच असं," म्हणाली. अनूने तिच्या पाठीवर हात फिरवला.

तेराव्याच्या आत बस्तीचे, म्हणजे आमच्या मंदिराचे, पंडित उपाध्ये भेटायला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, विरोधी हिंसा गृहस्थाला करावीच लागते. जीवावर उठलेल्याला अडवणं, त्याला कोण पाप म्हणतं? मला एकदा विचारायचं तरी." अनू म्हणाली, "विचारलं असतं तर उपास सांगितल्यासारखा झाला असता." पंडितांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. माणसांचं पुढे काय झालं तेवढं सांगते.

भरतेशची बाग विकली. नव्या मालकाने द्राक्षं काढून ऊस लावला.

डॉक्टर केतकीने या प्रकारावर शोधनिबंध लिहिला, तो पुष्कळ गाजला. ती आता दिल्लीला मोठ्या जागेवर आहे. निबंधात अनूचं नाव नाही. 'सेहेचाळीस वर्षांची स्त्री, धार्मिक उपवास' असं आहे. आज देशभर कुठल्याही पाठराखणीला लस टोचण्याआधी विचारतात, "बाई, उपास करता का?" तो प्रश्न कुणामुळे आला हे विचारणाऱ्याला माहीत नसतं. सांगून उपयोगही नाही.

बिल्कीस पाच-सहा वर्षांपूर्वी वारली. शेवटपर्यंत ती प्रत्येक ईदेला फोन करून अनूसाठी दुआ मागत असे. खरं तिला कुणी सांगितलं नाही. नगमा सोलापूरला शिक्षिका आहे, थोडी लंगडते.

सुकुमारने अनूला घरात घेतलं. दाराशी उभं राहून विचारायचीही वेळ तिच्यावर आणली नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतं बोलला, आणि दोन वर्षांनी श्रेणिकची किडनी बिघडली तेव्हा तेही बंद झालं. औषधावर भागायचे दिवस संपले होते. अनूची अस्थिमज्जा बंद. पाठराखीण म्हणून सुकुमारची बहीण उभी राहिली. तिची जुळणी जेमतेम होती. श्रेणिक वाचला, किडनी गेली. सुकुमार चार वर्षांपूर्वी गेला.

सात वर्षं भरली त्या दिवशी अनू स्वतः तालुक्याला जाऊन तपासून आली. अस्थिमज्जा मोकळी झाली होती, वयही बसत होतं. तिने कागद श्रेणिकपुढे ठेवला. ज्या पोराने जिन्यात उभं राहून 'आई, तू जा' म्हटलं होतं, त्याने तो वाचला आणि परत दिला. म्हणाला, "राहू दे आई. आत्याचं नाव आहे, तेच बरं." त्याने आपणहून सांगितलं, "तुझ्या मनात कधी काय येईल, सांगता येत नाही गं."

आता तिचं वय उलटून गेलं. कायद्याने तिला कुणी बोलावणार नाही आणि कुणाच्याच पत्रिकेवर तिचं नाव नाही. ती माझ्याकडे राहायला आली आहे. भाद्रपदात पर्व सुरू झालं की आमच्या सगळ्या गल्लीत चुली थंड असतात, म्हाताऱ्याकोताऱ्या, परवा लग्न होऊन आलेल्या सुनासुद्धा उपास धरतात आणि बस्तीत एकमेकींचे दिवस विचारतात. अनू त्या दिवसांत बस्तीत जात नाही. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर ती ताट वाढून घेते, भिंतीकडे तोंड करून बसते आणि भूक असो नसो, शेवटच्या शितापर्यंत जेवते.